निर्मळ हवा

संगीताने काचेच्या पेटीचे झाकण लावले आणि श्वास रोखून धरला. आत कापसाचा एक धागा ताणलेला होता. बर्फात ठेवलेल्या पात्रात थेंबाथेंबाने सिद्ध केलेल्या हिरव्या पॉलिमरचा लेप त्यावर चढला होता. त्या लेपाचे तंतू केसाहून सहस्रपट सूक्ष्म, तरीही त्यांतून वीज वाहत होती. फवारणीच्या विषाची वाफ लागली की विजेचा ओघ मंदावा, मापकाचा आकडा उतरावा, एवढीच त्या धाग्याकडून अपेक्षा होती.

पेटीचा झरोका उघडून ती प्रथम प्रयोगशाळेतील हवा तपासत होती. हवा निर्मळ राहावी म्हणून तिने गजराच काय, केसांचे तेलही सोडले होते. आकडा स्थिरावला.

तोच धाकटा भाऊ इंद्रजीत आईने दिलेला डबा घेऊन पेटीजवळ आला. मारेगावहून एसटीने आलेला, अंगात धुतलेला पांढरा शर्ट.

“बाई, याडीनं भाकर धाडली.”

आकडा घसरू लागला.

“अत्तर लावले आहे का याने?” मार्गदर्शिका प्रभावती मॅडम खुर्चीतून उठल्या.

“नाही जी,” इंद्रजीत ओशाळला. “चांगला साबण लावून आंघोळ केली. बोंडअळीची फवारणी चालू हाये. म्हटलं, बाईच्या कॉलेजात वास नको.”

संगीताने त्याच्या डोळ्यांत पाहिले. बाहुल्या विषबाधेत होतात तशा टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डबा धरलेला हात कापत होता.

“पाठीवरला पंप गळते काय रे?”

“पाठ भिजते थोडी. सगळ्याइचीच भिजते.”

“दवाखान्यात चाल.” तिने त्याचे मनगट धरले.

“थांब,” मॅडम म्हणाल्या. स्वर देवघरात असावा तसा मृदू होता. “बाटलीतले विष कोणीही ओळखील. हा धागा धुतलेल्या त्वचेतले ओळखतो आहे. आकडा तळाला जाऊ दे, संगीता. तुझा सारा प्रबंध यात आहे.”

संगीताची पकड सैल झाली. क्षणभरच, पण तेवढे त्याला पुरले.

“मले काय झालं? गरगरून राह्यलं जरा, बस.” इंद्रजीतने बाही वर सारली आणि आरतीच्या ज्योतीवर धरावा तसा तळहात झरोक्यावर धरला. दुसऱ्या हाताने ओठांवरची लाळ पुसली.

“उतरून राह्यला आकडा, बाई,” तो हसून म्हणाला. “चांगलं हाये ना?”