कोरं कापड

“कापड भिजवलं नाहीत?” बायकोने विचारलं.

“वेळ कुठे होता?” शिंप्याने मशीनवरून मान वर न काढताच म्हटलं.

“अहो, चार दिवस पडून होतं ते. गिऱ्हाइकांचं कापड रात्रभर पाण्यात ठेवता आणि तुमच्या त्या कुस्तीवाल्यांना कोरंच?”

“खेळाची चड्डी ती. तिची शिवण कोण बघतंय?”

“तुम्ही सोडून कोणी नाही. साठी उलटली, पण उघडी माणसं बघायची हौस काही फिटत नाही.”

शिंप्याने दोरा तोडला. काळी चड्डी घडी करून पिशवीत घातली आणि गुडघ्यावर हात टेकत उठला.

कुस्त्या बंद पडलेल्या छापखान्याच्या तळघरात होत. रविवारी, दुपारी तीनला. ना पाटी, ना परवाना. दारात एक जण वर्तमानपत्र वाचत बसे. अनोळखी माणूस दिसला की त्याने पानाची घडी घालायची, एवढाच पहारा. खाली अठ्ठावीस पायऱ्या. पूर्वी शिंपी त्या धावत उतरायचा. आता दहाव्या पायरीवर थांबून घाम पुसायचा.

तळघराचे कायदे दोनच होते. जिंकला त्याने पुढच्या रविवारी उतरायचं. हरला तो मोकळा. आणि नवीन गड्याने शिंपीमास्तरांच्या हातची चड्डी घालून उतरायचं. हे दुसरं मात्र शिंप्याच्या हौसेपोटी सुरू झालं होतं.

नवा गडी गोदामातला हमाल होता. त्याला सगळे खांब म्हणत. त्याने चड्डी चढवली, आरशात पाहिलं आणि हसला. “मास्तर, मापात आहे हं.”

“उभा राहिलास की बसणारच,” शिंपी म्हणाला.

पलीकडच्या खोलीत तळघराचा कधीच न हरलेला पहिलवान, गेंडा, बाकावर बसला होता. दोन्ही हात मांडीवर सोडलेले. खांदे अजून दाराएवढे रुंद, पण मानेखालची कातडी सैल पडलेली. कोपऱ्यात दोरीने बांधलेली पत्र्याची पेटी होती.

“हे काय आणलंस?”

“जुने कपडे.” गेंडा उठला. “घ्या माप.”

दर रविवारी शिंपी त्याची छाती मोजायचा. हा त्यांचा जुना खेळ होता. टेप अठ्ठेचाळीसवर आली.

“बावन्न,” शिंपी म्हणाला.

“तुमची टेप माझ्यापेक्षा तरुण आहे मास्तर.” गेंडा हसला आणि हसता हसता त्याला दम लागला. “थकलो हो.”

“थकलेला माणूस असा दिसतो होय? तू हरलास तर मी रविवारी जाऊ कुठे?”

गेंड्याने शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता.

शिंपी पहिल्या रांगेत बसला. अकरा वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. गेंड्याची पाठ ताणली जाताना त्याला अजून गंमत वाटे. ताग्याला हिसका दिला की त्यावर लाट धावते, तसे ते स्नायू हलत. सगळा आठवडा लोकांचे उसवलेले खिसे आणि आखूड झालेल्या बाह्या. रविवारी हे एवढंच.

पहिली सात वर्षं गेंडा स्वतःच्या जोरावर जिंकला. मागच्या चार वर्षांचं शिंपी एकटाच जाणत होता. समोरच्या गड्याची चड्डी तो कोऱ्या कापडाची शिवत होता, जांघेत बोटभर कापड कमी ठेवून, दुहेरी टीप मारून. कोरडी असताना काही कळायचं नाही. घामाने भिजली की आटून आवळायची आणि खाली वाकणाऱ्याची मांडी धरून ठेवायची. हरलेले गडी चड्डी तिथेच टाकून निघून जात. कोणी कधी विचारलं नाही.

झुंज सुरू झाली. चाळीस एक माणसं ओरडत होती. खांब सावध होता, गेंड्याभोवती फिरत होता. गेंडा मात्र डावा पाय पुढे टाकून उभा राहिला. हलेचना.

“पाय मागे घे!” शिंपी ओरडला. “अरे, पाय मागे!”

खांबाने झेप घेतली आणि तोच पाय धरला. आता खाली बसून उचललं की गेंडा गेलाच. शिंप्याने श्वास रोखला. खांब खाली गेला, पण अर्ध्यावरच अडला. पुन्हा जोर केला, पुन्हा अडला. त्याने चमकून स्वतःच्या मांड्यांकडे पाहिलं. तेवढ्यात त्याचा तोल गेला आणि गेंड्याचं सगळं वजन त्याच्यावर आलं. दोन्ही खांदे जमिनीला टेकले.

तळघर दणाणलं. शिंपी सगळ्यात आधी उभा राहिला. गुडघा विसरून.

आत गेंडा पेटीवर बसला होता. तोंडावर टॉवेल.

“बघितलंस? बावन्न म्हणालो ना!”

गेंड्याने टॉवेल काढला. “मास्तर, पेटीला जरा हात लावाल? परत घरी न्यायची.”

“परत म्हणजे?”

“लेकीकडे जायचं होतं, आजच्या गाडीने. चार वर्षं झाली, माझ्यासाठी खोली रिकामी ठेवलीय तिने. म्हणते, बाबा, बास झालं. मी म्हणतो, हरलो की निघालोच.”

शिंपी बाकावर टेकला. “मग... हरायचं होतंस.”

“मुद्दाम पडणं अंगाला जमत नाही हो. कोणीतरी पाडायला हवं.” गेंड्याने पेटीची दोरी घट्ट केली. “त्या खांबाला सहा महिने मीच शिकवलं. डावा पाय धर, खाली बैस, उचल. रोज उचलायचा मला, पोत्यासारखं. काल संध्याकाळीसुद्धा उचललं. आज काय झालं त्याला, कोण जाणे. वाकलाच नाही.”