ढिगाऱ्यापलीकडची बोंब

वारा फिरला आणि होळीतून एकाएकी ज्वाळांची गिरकी उठली. माडाएवढी उंच झाली, गरगरत पुढे सरकली. देवनहळ्ळीच्या त्या नव्या लेआउटमधल्या मराठी मंडळींनी टाळ्या पिटल्या. आगीची वावटळ कुणी पाहिली होती? सगळ्यांचे फोन वर झाले. वावटळ मातीच्या ढिगाऱ्यापलीकडे गेली आणि विरली. जाताना काय पेटवून गेली, ते इकडून दिसत नव्हतं.

पलीकडे वाळल्या गवतात, आपल्या साइटवर, म्हणजे घरासाठी घेतलेल्या रिकाम्या प्लॉटवर, शेषगिरी एकटेच रुसून बसले होते. बायकोला न विचारता शहरातलं घर विकून त्यांनी ही साइट घेतली, तेव्हापासून अहल्याबाईंनी अबोला धरला होता. "पान वाढलंय म्हणून सांग त्यांना," हेसुद्धा कानडी सुनेकरवी. बिचारी भार्गवी दोघांचं टपाल वाहून दमली होती.

तेवढ्यात ढिगाऱ्यामागून बोंब आली. होळीच ती! सगळ्यांनी हसत हसत उलट बोंब ठोकली. पुन्हा आली, पुन्हा ठोकली.

अहल्याबाईंचा हात मात्र तोंडापाशीच थांबला.

"भार्गवी, हे ओरडतायत गं!"

"होळी आहे अत्ते, ओरडू देत की स्वल्प."

"अगं, उभ्या जन्मात यांनी होळीला बोंब मारली नाही. लाजतात!"

पाण्याच्या पिंपात पोतं बुचकळून त्या धावत सुटल्या. मग कुठे बाकीच्यांचं हसू मावळलं. पलीकडे गवत भडकलं होतं आणि शेषगिरी कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून उभे होते. अहल्याबाईंनी ओलं पोतं त्यांच्यावर टाकलं आणि त्यांना ओढून बाहेर काढलं. शेजारच्या बांधकामावरचं मजुरांचं खोपट, त्यातल्या भांड्याकुंड्यांसकट, राख झालं. माणसं दुसरीकडे रात्रपाळीला गेली होती म्हणून वाचली.

अॅम्ब्युलन्समध्ये दोघांच्याही हातांना पट्ट्या होत्या. शेषगिरी लहान मुलासारखे रडत होते.

"मला वाटलं, ही बोलतसुद्धा नाही. माझं ओरडणं कशाला ऐकेल!"

भार्गवी सवयीने निरोप पोचवायला पुढे वाकली. अहल्याबाईंनी तिला कोपराने हळूच बाजूला सारलं.

"अहो, अबोला तोंडानं धरला होता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कान तुमच्याकडेच होता."