चौदा शॉर्टस्टॉप

"शॉर्टस्टॉप खेळणारे डावीकडे या," अमेरिकेतल्या कॉलेजचा कोच म्हणाला, आणि लीड्सच्या मैदानावर निवडीसाठी आलेल्या अठरा मुलांपैकी चौदा जण डावीकडे सरकले.

कुंपणापाशी उभ्या असलेल्या गिरीशने ती डोकी पुन्हा एकदा मोजली. हॉस्पिटलात भूल देण्याचं काम सांभाळून त्याने वर्षभर एकच अभ्यास केला होता: बेसबॉलमध्ये कुठल्या जागेला कॉलेजात स्कोप आहे? दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप सगळ्यांनाच हवा असतो, असं उत्तर निघालं. मग आपल्या मुलाला, अंशुमनला त्याने तिथेच उभं केलं. हाच अभ्यास आणखी तेरा बापांनी केला असेल, हे काही या शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"कॅचर कोण आहे?" कोचने विचारलं.

आलेला एकुलता एक कॅचर अंगठा सुजवून बाकावर बसला होता. बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं आणि सुसाट येणारे चेंडू झेलायचे, प्रसंगी अंगावर घ्यायचे. निवडीच्या दिवशी हे लोढणं कोण गळ्यात घेणार? सगळे बुटांकडे बघू लागले.

अंशुमन मात्र पॅड्स बांधायला लागला.

"वेडा आहेस का?" गिरीश कुंपणावरून ओरडला. "तुझा नंबर यायचाय अजून!"

"बाबा, चौदा जण आहेत. माझा नंबर येईपर्यंत लंच होईल."

पहिला चेंडू त्याच्या हातातून निसटला. दुसरा छातीवर बसला, तेव्हा गिरीशने डोळेच मिटून घेतले. पण मग पोरगं सरावलं. नजर चुकवून पुढचा बेस चोरायला पळालेल्या एकाला त्याने गुडघ्यांवरूनच चेंडू फेकून बाद केलं. कोचने आपली खुर्ची उचलली आणि जाळीमागे आणून ठेवली.

"किती वर्षं कॅचर आहे हा?" त्याने गिरीशला विचारलं.

'तीन' हा शब्द गिरीशच्या ओठांवर आलाच होता. तेवढ्यात अंशुमनने मास्क काढला.

"आज सव्वाअकरापासून."

कोच खो खो हसला. हातातल्या यादीत त्याने काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. "उद्या दहाला परत ये. इथेच बसायचं."

कार पार्ककडे जाताना गिरीशला विचारायचं होतं, कॅचरला स्कोप कितपत असतो रे? पण पोराचा चिखलाने माखलेला, फुललेला चेहरा बघून तो थांबला.

"मजा आली का रे?"

वर्षभरात हे आपण एकदाही विचारलं नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"खूप! बाकी सगळे बॅटरकडे बघत उभे राहतात ना, बाबा? मी एकटाच त्या सगळ्यांकडे बघत होतो. तिथून सगळं मैदान दिसतं."