शेवटच्या पट्ट्या

पियानोचे सूर जुळवणारे मास्तर रोज आरशासमोर म्हणायचे, “माझे कान ठणठणीत आहेत.” बायकोने आणलेलं श्रवणयंत्र कपाटात धूळ खात होतं. “मनावर घेतलं की सगळं ऐकू येतं,” ते तिला बजावायचे. आजही एका बाईंच्या घरच्या पियानोवर, उजवीकडच्या शेवटच्या, वरच्या सुरांच्या पट्ट्यांतून त्यांना नुसती लाकडाची टकटक ऐकू आली. मास्तरांनी डोळे मिटले, ‘ऐकू येतंय’ असं घोकलं आणि अंदाजाने तारांची चावी फिरवली. “झकास!” पियानोवाल्या बाई म्हणाल्या. मास्तर ऐटीत निघाले, तर जिन्यात जुना शिष्य भेटला. “इकडे कुठे रे?” “सहज, मास्तर.” त्याने हात पाठीमागे नेला; पण तारांची चावी दिसलीच, मास्तरांनीच दिलेली. वरून बाईंची हाक आली, “आलास? मास्तरांनी पुन्हा वरचे सूर बिघडवलेत!” शब्दन् शब्द ऐकू आला. कानामागे हात धरून मास्तर म्हणाले, “काय म्हणाल्या? मला हल्ली ऐकू येत नाही रे.”