राजाचं बारसं

ज्या राज्यात डोंगर चालतात आणि तलवारी बोलतात, त्या राज्याच्या राजाला नाव काय द्यावं, यावर राजवीरची कादंबरी महिनाभर अडली होती. बाकी सगळं ठरलं होतं. शेवटच्या लढाईत राजा मरतो, हेसुद्धा. ही अडचण त्यानं फोनवर थोरल्या बहिणीला सांगितली आणि दुसऱ्याच दिवशी क्रांती घुगऱ्यांचा डबा घेऊन मुरगूडहून कोल्हापुरात हजर.

"अगं, गोष्टीतला राजा हाय त्यो!"

"असू दे की! तू जल्माला घातलास न्हवं? मग मी त्याची आत्या. नाव मीच ठेवणार."

क्रांतीनं लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, त्याच्या कडेशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' केलं आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात नाव सांगितलं, "सम्राट आकाराम!"

त्यांच्या वडिलांचं, आबांचं नाव. आबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

मानाची साडी घेऊन आत्याबाई परत गेल्या आणि राजवीर गडावरची शेवटची लढाई लिहायला बसला. शत्रूचा बाण सम्राट आकारामच्या छातीपर्यंत आला, पण पुढं काही सरकेना. शेवटी वैतागून त्यानं बाण माघारी फिरवला, शत्रूला पळवून लावलं आणि राजाला आणखी शंभर वर्षांचं आयुष्य देऊन टाकलं.

मागं उभी राहून वाचणारी आई म्हणाली, "लई बरं केलंस. आता ह्यांस्नी तेवढं गडावरनं खाली आण बाबा. गुडघं दुखत्यात त्यांचं."