धापेचा वाटा

शालन मैदानाची फेरी मारायला निघाली, तेव्हा तिचे यजमान यशवंतराव नेहमीसारखे बाकावर बसले होते. तिच्या फुफ्फुसाचं ऑपरेशन झाल्यापासून फोनमधलं ॲप तिची धाप दोघांत वाटून द्यायचं. पळायची ती, आणि बसल्या जागी भात्यासारखी छाती हलायची त्यांची. ॲप त्यांचा वाटा हळूहळू कमी करत होतं, पण किती, ते शालन भीतीने कधी बघायचीच नाही.

आज दुसऱ्या वळणावरच तिची छाती फुटायला आली. माझं हे असं, तर त्यांचं काय होत असेल? पाय ओढत ती बाकाच्या बाजूला आली आणि बघते तर काय, यशवंतराव शेजारच्या माणसाशी क्रिकेटवरून तावातावाने भांडत होते. मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हते.

“अहो, तुम्हाला धाप नाही लागली?” ती पळता पळताच ओरडली.

“कसली धाप? ॲप म्हणतंय, आता बाईंचं बाई बघतील!”

म्हणजे ही सगळीच्या सगळी धाप तिची एकटीची होती! बाकापाशी थांबायचं ठरलेलं असूनही शालन तशीच पुढच्या फेरीला लागली.