शेडवरची पाटी

पाळी थांबल्यापासून माझ्या बायकोच्या, लंकाच्या अंगातून दिवसातून दहा वेळा वाफा निघतात. मंचरच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "पंखा लावा, कॅल्शियम द्या, तिच्यावर खेकसू नका. एवढ्यानं भागलं नाही तर हार्मोनच्या गोळ्यांचं बघू." घरी येताना मी लंकाला म्हणालो, "लई थेरं आहेत ही. आमच्या आईला लागलं व्हतं का कधी काय?"

त्याच उन्हाळ्यात निरगुडसरच्या आमच्या पोल्ट्रीत अंडी कमी झाली. कोंबड्यांचे डॉक्टर म्हणाले, उकाडा बाधलाय. मी त्याच दिवशी चार मोठे फॅन आणले, छताला बारीक फवारे बसवले, खाद्यात कॅल्शियम वाढवलं. आवाजानं कोंबड्या बिथरतात, म्हणून दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: 'आत कोणीही ओरडू नये. हुकमावरून, गोरख.'

काल दुपारी शेडचं दार उघडलं, तर फवाऱ्याखाली खुर्ची टाकून लंका बसलेली. शेजारी तिच्या बचत गटाच्या पाच बाया, सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या, डोळे मिटून गार वारा खात होत्या.

"अगं ए!" माझा आवाज चढला. "हे शेड काय तुमच्यासाठी बांधलंय व्हय?"

लंकानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. नुसतं पाटीकडं बोट केलं.



"हळू बोला. आवाजानं आमी बिथरतो."